वर्षभर थांबायचं कशासाठी?

मागच्या वेळी आपण दत्तकाच्या कायद्याबद्दल बोललो. त्यानंतर एका ताईंनी विचारलं, "परदेशातली माणसं येतात, मूल पसंत करतात आणि घेऊन जातात, असंच ना?" तसं नसतं, ताई. काही देशांत तर मूल घ्यायला आलेल्या नवराबायकोला तिथंच बिऱ्हाड करून राहावं लागतं. आज त्यातल्या एका देशाचं सांगते, युगांडाचं.

युगांडा हा पूर्व आफ्रिकेतला देश, राजधानी कंपाला. २०१६ मध्ये तिथल्या मुलांच्या कायद्यात बदल झाला. परदेशी माणसाला मूल दत्तक हवं असेल तर त्यानं निदान एक वर्ष युगांडात राहायचं आणि वर्षभर ते मूल आपल्या घरी सांभाळायचं. सरकारी समाजकल्याण अधिकारी त्यावर देखरेख ठेवतो. मग हायकोर्ट ठरवतं. कोर्ट यात सूट देतं ती फार क्वचित, तसंच कारण असेल तरच.

वर्षभर परमुलखात संसार मांडायचा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. भाड्याचं घर शोधा, राहण्याचा परवाना काढा, नोकरीचं काय ते बघा. पुष्कळदा दोघांतलं एक कमाईसाठी मायदेशी परततं आणि दुसरं मुलाजवळ थांबतं. मलेरियाची भीती, म्हणून रोज मच्छरदाणी. जेवायला मटोके, म्हणजे हिरवी केळी वाफवून मऊ केलेली, आणि सोबत शेंगदाण्याचं कालवण. मुलाच्या जिभेला तीच चव ठाऊक, मग नव्या आईनंही ती शिकायची. तिथल्या लुगांडा भाषेत आईला 'मामा' म्हणतात. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ! मूल पहिल्यांदा 'मामा' म्हणतं तेव्हा त्या बाईला काय वाटत असेल! पण कागदावर ती अजून आई नसते. अंगाखांद्यावर खेळवलेलं मूल कोर्ट आपल्याला देईलच, याची खात्री शेवटच्या दिवसापर्यंत नसते.

मग इतकं कडक कशाला? याचं उत्तर गावाकडे आहे.

आधीचा कायदा तर तीन वर्षं राहा म्हणायचा. तेवढं कोण थांबणार? म्हणून लोकांनी पळवाट काढली. दत्तक न घेता कोर्टाकडून फक्त पालकत्व मिळवायचं आणि थोड्याच दिवसांत मूल देशाबाहेर न्यायचं. अनाथाश्रमातल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. नड होती ती गरिबीची. २०२० मध्ये अमेरिकेच्या सरकारनं युगांडातले दोन न्यायाधीश, एक वकील आणि तिचा साथीदार यांच्यावर निर्बंध लावले. आरोप असा की, खेड्यातल्या आईबापांना 'मुलाला शिकायला नेतो' असं सांगून मुलं कंपालाला आणली आणि दत्तक म्हणून परदेशी पाठवली. सही घेतली, अंगठा घेतला, पण मूल कायमचं जातंय हे आईला कळलंच नाही.

म्हणून ते एक वर्ष. त्या वर्षात खरी आई पुढे येऊ शकते, अधिकारी गावात जाऊन चौकशी करू शकतो. मूल नव्या घरी रुळतंय का तेही दिसतं. थांबणाऱ्या जोडप्याला ते जड जातं, खरं आहे. पण घाईची किंमत शेवटी मुलाला आणि गरीब आईलाच मोजावी लागते.

आपल्याकडे परदेशी पालकांना वर्षभर राहावं लागत नाही. पण आपल्या कायद्यातही थांबणं आहे. आईला मूल सोपवायचं असेल तर तिला बालकल्याण समितीपुढे जावं लागतं, आणि त्यानंतर फेरविचाराला ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत ती मूल परत मागू शकते. दत्तकाचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षं त्याचे अहवाल यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. मुलासाठी पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे. कुणी म्हणालं, 'समितीबिमिती नको, दवाखान्यातच परस्पर उरकू', तर तिथंच सावध व्हा.

आणखी एक सांगते. युगांडाच्या खेड्यांतही आपल्यासारखेच बचतगट आहेत. त्यांची लोखंडी पेटी असते, तिला तीन कुलपं. किल्ल्या तिघींकडे, म्हणून एकटीला पेटी उघडता येत नाही. त्या पेटीतून कर्ज मिळालं की शाळेची फी भरता येते, औषध आणता येतं. मग फीसाठी किंवा औषधासाठी मूल दुसऱ्याच्या दारी सोडायची वेळ येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशोब झाला की एक विषय घ्या. आपल्या वस्तीत एखादी विधवा, एखादी टाकलेली बाई मुलांसाठी मेटाकुटीला आली आहे का? तिचा बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला दोघींनी तिच्यासोबत जा. 'मुलाला शिकायला नेतो' म्हणत कुणी अनोळखी माणूस दारी आला, तर कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू देऊ नका. शंका आली तर १०९८ वर फोन करा. हा नंबर मोफत आहे.

ज्या घरांत मूल नाही त्या घरांनी दत्तक जरूर घ्यावं. सरळ मार्गानं घ्यावं आणि थांबावं लागलं तर थांबावं.