तक्त्याचा क्रम आणि साक्षीचा धर्म
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या घरोघरची मुले आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या बुद्धीचे फळ कायदा कोणत्या अटीवर त्यांच्या पदरात टाकतो, हे आपणही जाणून घेतले पाहिजे. म्हणून अमेरिकेतील एका खटल्याची हकीकत आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

शाळेतील निकालपत्रक आठवा. शेकडेवारी काढावयाची तर आधी गुणांची बेरीज हवी. परंतु शेकडेवारीचा रकाना बेरजेच्या आधी असेल, आणि यंत्र मांडलेल्या क्रमानेच हिशेब करू लागले, तर उत्तर चुकणारच. रेने पार्डो व रेमी लांडाऊ यांनी ही अडचण दूर केली. कोणता हिशेब कोणत्या हिशेबावर अवलंबून आहे हे पाहून संगणकानेच सूत्रांचा क्रम लावावा, अशी त्यांची युक्ती होती. १९७० साली त्यांनी पेटंटासाठी, म्हणजे शोधाच्या मुदतबंद एकाधिकारासाठी, अर्ज केला. पेटंट कचेरीने तो नाकारला. उभयता अपिलात गेले. १९८२ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि १९८३ साली, तेरा वर्षांनी, पेटंट हाती आले.

तोवर काळ पुढे गेला होता. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा हिशेबी तक्ता बाजारात आला होता. त्यामागून लोटस कंपनीचाही आला. १९८९ साली, पेटंटाच्या हक्कात भाग मिळविलेल्या रेफॅक संस्थेने लोटस, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांवर दावा लावला.

परंतु निकाल शोधाच्या गुणावगुणांवर लागला नाही. अर्ज चालू असता, त्यातील वर्णनावरून जाणकारास आज्ञावली लिहिता येईल, हे पटविण्यासाठी तटस्थांची प्रतिज्ञापत्रे हवी होती. तीन सादर झाली. त्यांतील एक साक्षीदार पूर्वी अर्जदारांच्याच कंपनीत काही आठवडे नोकरीस होता. ही गोष्ट प्रतिज्ञापत्रात आली नाही. एवढ्यावरून पेटंट अंमलबजावणीस अपात्र ठरले, आणि १९९६ साली अपील न्यायालयाने तोच निर्णय कायम केला.

शिक्षा कठोर होती, यात संशय नाही. त्यांच्या बुद्धीस कोणी नावे ठेविली नव्हती. परंतु तटस्थ म्हणून पुढे केलेला साक्षीदार तटस्थ नसेल, तर साक्षीस अर्थ तो काय राहिला?

आपल्या देशातील व्यवस्था निराळी आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने गणिती पद्धती व निव्वळ संगणक-आज्ञावली यांस पेटंट मिळत नाही. लिहिलेल्या आज्ञावलीस मात्र ग्रंथाप्रमाणे कॉपीराइटचे संरक्षण आहे. आपल्या तरुणांनी हा भेद ध्यानी ठेवावा.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी दुसरी गोष्ट ध्यानी ठेवावी. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मामा शिफारस लिहितो आणि नाते मात्र लिहीत नाही, असे आपल्यात घडते. मुलगा गुणी असतो, शिफारसही खरी असते. तरी उद्या नाते उघडकीस आले, म्हणजे त्या गुणी मुलावरच किटाळ येते. यास्तव शिफारशीत 'हा माझा भाचा' असे प्रथम लिहावे व मग त्याचे गुण सांगावेत. कार्यकारी मंडळाने अर्जात त्यासाठी एक रकाना ठेवावा, आणि तो सर्वांत आधी ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे.