नवागतानें कोणत्या मंडळींत जावें?

सोलापुराजवळ कुंभारी येथें गोदूताई परुळेकर यांच्या नांवाची विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत आहे. तेथील एखाद्या जिज्ञासूनें शुभवर्तमान वाचलें आणि रविवारीं कोणत्या मंडळींत जाऊन बसावें असा प्रश्न त्यास पडला, तर काय सांगावें?

पंथ अनेक आहेत. कोठें तान्ह्या मुलास बाप्तिस्मा देतात, कोठें समजत्या वयांतच; कोठें उपासनेचा क्रम ठरलेला असतो, तर कोठें प्रार्थना मोकळी. हे भेद खरे आहेत. पण निवड केवळ पाटी वाचून होत नाहीं.

पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन मंडळींत बाप्तिस्मा घेतला. पुढें आश्रय देणाऱ्या भगिनींशींच त्यांनीं धर्ममतांविषयीं पत्रांतून निर्भीड वाद केला. दीक्षा घेतली म्हणजे विचार गहाण पडला, असें त्यांनीं मानलें नाहीं. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला तो १९०० सालीं, स्वतःची खात्री पटल्यावर. पतीची श्रद्धा ती पत्नीची, असा हिशेब त्यांनीं केला नाहीं. टिळकांनीं पुढें स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारां’त तर बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा होती.

यावरून नवागतानें एवढें घ्यावें. प्रथम भाषा पाहावी. सोलापुरांत मराठी, तेलुगु व कानडी या तिन्ही भाषा नांदतात. ज्या भाषेंत आपण घरीं रडतों-हंसतों, तींत प्रार्थना होत असेल तर ती उमजते. मग त्याच मंडळींत चार रविवार शांतपणें बसावें. पाळकांस शंका विचाराव्या आणि ते रागावतात कीं समजावितात, हें पाहावें. वर्गणीचा हिशेब सर्वांपुढें मांडला जातो काय? पंगतींत व सोयरिकीच्या बोलण्यांत जात डोकावते काय? घरच्या माणसांशीं नातें तोडण्याची गळ घातली जाते काय? आजार बरा करण्याच्या वचनावर बाप्तिस्म्याची घाई केली जाते काय?

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें सद्सद्विवेकाचें स्वातंत्र्य मान्य केलें आहे. त्यांत स्वीकारण्याइतकेंच थांबण्याचें, आणि नको म्हणून परत फिरण्याचेंही स्वातंत्र्य येतें. जी मंडळी नवागतास हें तिन्ही मोकळ्या मनानें देते, तिच्या दारांत त्यानें निर्भयपणें पाऊल ठेवावें.