बंद पडलेला खेळ
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी पडले सॉफ्टवेअरवाली, म्हणून एका कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल बोलते.

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हा ऑनलाइन खेळ २००३ साली सुरू झाला. माणसं त्यात शिंपी, डॉक्टर, नर्तक होऊन एकमेकांना भेटायची. २००५ मध्ये कंपनीने खेळाचे नियमच बदलले, तेव्हा बरेच जण सोडून गेले. १५ डिसेंबर २०११ रोजी सर्व्हर बंद झाले.

चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला, पण दोन तऱ्हांनी. 'एसडब्ल्यूजी ईएमयू'च्या मंडळींनी सर्व्हरचा कोड नव्याने लिहून २००५ च्या बदलांआधीचा खेळ परत आणला. 'लेजेंड्स'वाल्यांनी बदलांनंतरचा खेळ चालू केला आणि त्यात नवी भरही घातली. खरा कोणता? ज्याला जो भेटला, तो त्याचा खरा. आपली शाळाही प्रत्येक बॅचला वेगळीच आठवते, त्यावरून भांडू नये.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. आठवणी सगळ्यांकडेच होत्या. खेळ उभा राहिला, कारण काही जणांनी बिनपगारी कामं वाटून घेतली. आपला मेळावा दर वेळी तीच चार माणसं उभा करतात: फोन, याद्या, जेवण, हिशेब. ती थकली तर आपलाही सर्व्हर बंद होईल. म्हणून जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने एकेक काम आपल्या नावावर लिहून द्यावं. पत्त्यांची यादी मी घेते.