पानावरून उठवलेला पळस



काही वर्षांपूर्वी एका मुंजीला गेलो होतो. बटूच्या हाती पळसाचा दंड होता, होमात पळसाच्याच समिधा पडत होत्या. आणि मांडवात पंगत मात्र थर्माकोलच्या ताटांवर बसली होती! ज्या वृक्षाला आपण यज्ञात मान दिला, त्यालाच पानावरून उठवले.

फाल्गुनात निष्पर्ण झालेला पळस केशरी फुलांनी पेटून उठतो. ती फुले उकळून रंगपंचमीचा रंग करीत. त्याच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात, मुळांच्या तंतूंचे दोर वळतात, बियांचे चूर्ण वैद्य जंतांवर देत आले आहेत. ‘पळसाला पाने तीनच’ असे आपण सहज म्हणतो. परंतु त्या तीन पानांवर पिढ्यान्‌पिढ्या जेवल्या. घरोघरी आज्या बांबूच्या काड्यांनी टाचून पत्रावळी लावीत. जेवणानंतर ती पत्रावळ उकिरड्यावर जाई आणि खत होऊन शेतात परते.

थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ साली आणि देशभर २०२२ साली बंदी आली. परंतु कायदा ताट काढून घेऊ शकतो; त्या जागी पत्रावळ मांडण्याचे काम आपलेच आहे. आमच्या वनवासी भगिनी आजही रानातून पाने आणून पत्रावळी लावतात. त्यांच्या कष्टाला गिऱ्हाईक उरले नाही, तर पळसाचे सरपणच होणार. म्हणून एवढेच सांगणे : घरच्या पुढच्या कार्यात एक पंगत तरी पळसाच्या पानावर बसू द्या.