गोरेपणाचा दाखला

इ. स. १७९० साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी परदेशीयांस नागरिकत्व देण्याविषयीचा आपला पहिला कायदा केला. अर्जदार हा 'स्वतंत्र गोरा मनुष्य' असावा अशी त्यात अट होती. पुढे यादवी युद्ध होऊन गुलामगिरी नष्ट झाली, आणि १८७० साली आफ्रिकेत जन्मलेल्या व आफ्रिकन वंशाच्या लोकांनाही हा हक्क देण्यात आला. आशियातून आलेल्या मनुष्याचा उल्लेख मात्र दोन्ही ठिकाणी नव्हता. घराला दरवाजे दोनच. एकावर 'गोरा' अशी पाटी, दुसऱ्यावर 'आफ्रिकन' अशी. चिनी, जपानी, हिंदी किंवा सीरियन मनुष्य तेथे स्थायिक होऊन नागरिकत्व मागू लागला, की कोणत्या दरवाजाशी उभे राहावे हा प्रश्न त्याच्यापुढे पडे.

ह्या प्रश्नावरून १८७८ पासून १९५२ पर्यंत जे खटले झाले, त्यांपैकी बावन्नांचे निकाल कायद्याच्या अभ्यासकांनी एकत्र केले आहेत. त्यांत एक अपवाद वगळता प्रत्येक अर्जदाराने आपण गोरे असल्याचाच दावा केला आहे. ह्याचे वरवर आश्चर्य वाटावयास नको. आफ्रिकन वंशाच्या नागरिकाला कागदावर हक्क होते. परंतु दक्षिणेकडील संस्थानांत त्याला वेगळ्या डब्यात बसावे लागे, मत देता येत नसे, आणि जमावाने त्याला झाडाला टांगले तरी बहुधा कोणाला शिक्षा होत नसे. त्या दरवाजातून आत जाण्याची हौस कोणाला असणार? शिवाय नागरिकत्व ही केवळ मानाची गोष्ट नव्हती. कॅलिफोर्नियात १९१३ साली असा कायदा झाला की, ज्यांना नागरिक होताच येत नाही अशा परकीयांनी शेतजमीन विकत घेऊ नये. म्हणजे पोटाचा प्रश्नही ह्या एका शब्दाला बांधलेला होता. हे सर्व ध्यानात ठेवूनही एक गोष्ट उरतेच. गोरेपणाचा दाखला मागताना ह्या लोकांनी जे पुरावे दिले, ते वाचताना मन अस्वस्थ होते. कारण प्रत्येक पुराव्यात स्वतःला वर उचलण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी खाली लोटलेले दिसते.

हिंदुस्थानापुरते पाहावयाचे तर आरंभ मुंबईपासून होतो. भिकाजी बालसारा नावाच्या पारशी गृहस्थांच्या अर्जाचा विचार न्यूयॉर्क येथे १९०९ साली झाला. न्यायाधीशांना शंका होती. पारशाला गोरा म्हटले तर उद्या अफगाण, हिंदू, अरब ह्यांनाही नाही कसे म्हणावयाचे, असे त्यांस वाटले. तरीही त्यांनी अर्ज मान्य केला. १९१० साली वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि कारण दिले ते असे की, पारशी लोक सुमारे बाराशे वर्षांपूर्वी इराणातून आले, ते मुंबईच्या आसपास आपली वेगळी वस्ती करून राहतात, आणि हिंदुस्थानात राहणारा इंग्रज हिंदूंपासून जितका भिन्न, तितकेच तेही भिन्न आहेत. दादाभाई नवरोजी त्या वेळी हयात होते. सबंध हिंदी राष्ट्राचे गाऱ्हाणे विलायतेच्या पार्लमेंटात मांडण्यात ज्या पारशी पुरुषाने जन्म घालविला, त्याच्याच समाजाला हिंदुस्थानापासून इंग्रजाइतके दूर ठरवून अमेरिकेने आत घेतले.

तीन वर्षांनी, १९१३ साली, अक्षयकुमार मजुमदार ह्या बंगाली गृहस्थांचा अर्ज वॉशिंग्टन संस्थानातील न्यायालयापुढे आला. आपण शुद्ध रक्ताचे उच्चवर्णीय हिंदू, क्षत्रिय, म्हणून आर्य, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येकाला, तो शीख असो वा मुसलमान, 'हिंदू'च म्हणत. पॅसिफिक किनाऱ्यावरील लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेवर आणि शेतांत राबणारे हिंदी मजूर बहुतेक पंजाबी शीख होते. मजुमदारांनी न्यायालयास सांगितले की, ही मजूर मंडळी उच्चवर्णीय नव्हेत. त्यांचा धर्म निराळा, त्यांचे पूर्वज निराळे, त्यांचे रक्त मिश्र. न्यायालयाने हे मानले आणि मजुमदार नागरिक झाले. ज्या शिखांच्या अंगावर सहा वर्षांपूर्वी त्याच संस्थानातील बेलिंगहॅम गावी गोऱ्या मजुरांचा जमाव चालून गेला होता, आणि ज्यांना रातोरात गाव सोडावे लागले होते, त्यांच्याविषयीची ही साक्ष होती.

असल्या युक्तिवादाचे बी अमेरिकेत पडलेले नव्हते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या भाषांचे नाते युरोपीय पंडितांनी उलगडले, आणि भाषांच्या नात्यावरून रक्ताचे नाते जोडण्याचा मोह पुष्कळांस झाला. इंग्रज व हिंदी हे दुरावलेले भाऊबंद असून राज्यकर्त्यांच्या रूपाने ते पुन्हा भेटले आहेत, असे केशवचंद्र सेनांनी १८७७ साली मोठ्या उत्साहाने सांगितले होते. जितांना जेत्यांच्या कुळात जागा देणारी ही कल्पना आपल्याकडील सुशिक्षितांना फार गोड वाटली. महाराष्ट्रातही 'आर्य' हा शब्द घराघरांत मिरविला गेला; घारे डोळे आणि गोरा रंग ह्यांवरून कुळाची थोरवी मोजणारी मंडळी विरळ नव्हती. आणि ती मोजपट्टी अजून माळ्यावर टाकून दिलेली नाही, ह्याची साक्ष विवाहविषयक जाहिरातींतील 'गोरी', 'निमगोरी', 'गहूवर्णी' ही विशेषणे देतच असतात.

परंतु ह्याच महाराष्ट्रात अमेरिकेकडे अगदी निराळ्या डोळ्यांनी पाहणारा एक पुरुष होऊन गेला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, आणि ते संयुक्त संस्थानांतील ज्या सज्जनांनी निग्रोंच्या दास्यविमोचनासाठी झीज सोसली त्यांस अर्पण केले. आर्यांची कथा फुल्यांनीही खरी मानली होती. मात्र तिच्यात त्यांनी आपली जागा जिंकणाऱ्यांत शोधली नाही, जिंकल्या गेलेल्यांत शोधली. समुद्रापलीकडील गुलामाशी त्यांनी नाते जोडले. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच देशातील न्यायालयांत हिंदी अर्जदार उभे राहिले, ते त्या गुलामाच्या धन्याशी रक्ताचे नाते सांगत.

हिंदी मनुष्याला निदान आर्य शब्दाचा आधार होता. जपानी मनुष्याला तोही नव्हता. ताकाओ ओझावा ह्यांची हकीकत ह्या सर्व प्रकरणांत अधिक करुण आहे, ती ह्यासाठी. ते लहान वयात जपानहून कॅलिफोर्नियात आले, बर्कली येथील हायस्कुलातून उत्तीर्ण झाले, तेथील विद्यापीठात तीन वर्षे शिकले, आणि मग हवाई बेटांत होनोलुलू येथे संसार थाटून राहिले. १९१४ साली त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. अर्जाच्या पुष्ट्यर्थ त्यांनी स्वतःच्या हाताने एक निवेदन लिहिले. त्यातील मुद्दे पाहा. आपण आपले, पत्नीचे वा मुलांचे नाव जपानी वकिलातीत नोंदविलेले नाही. जपानी शाळांशी व देवळांशी आपला संबंध नाही. मुले अमेरिकन शाळेत व अमेरिकन चर्चमध्ये जातात. घरात इंग्रजी बोलण्याचा परिपाठ ठेविल्यामुळे मुलांना जपानी भाषा येत नाही. पत्नीसुद्धा जपानात शिकलेली न पाहता अमेरिकेत शिकलेली पाहून केली.

आपल्या मुलांना मातृभाषा येत नाही ही गोष्ट बापाने गुण म्हणून न्यायालयापुढे ठेवावी, हे वाचून क्षणभर थांबावे लागते. ओझावा लबाड नव्हते. त्यांनी खरोखरच त्या देशावर प्रेम केले होते, आणि नावाने नसलो तरी अंतःकरणाने आपण अमेरिकनच आहो, हे त्यांचे म्हणणे मनापासूनचे होते. पण एका देशाविषयीची निष्ठा सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याचे सर्व पुसून टाकल्याचा हिशेब द्यावा लागतो, अशी त्यांची समजूत झाली होती. आणि ती त्यांची त्यांनीच करून घेतली होती असेही म्हणवत नाही. जर्मनीहून आलेला मनुष्य घरी जर्मन बोलत असे, जर्मन चर्चमध्ये जात असे, आणि नागरिकही होत असे. हा हिशेब त्याला कोणी मागितला नव्हता.

१३ नोव्हेंबर १९२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड ह्यांनी लिहिले. हे गृहस्थ स्वतः इंग्लंडात जन्मलेले व बालपणी अमेरिकेत आलेले होते, एवढे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही. अनेक जपान्यांची त्वचा कित्येक गोऱ्यांहूनही उजळ असते, असेही ओझावांच्या बाजूने सांगण्यात आले होते. न्यायालयाने उत्तर दिले की, कातडीच्या रंगावरून काही ठरत नाही. 'गोरा' म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा, आणि जपानी मनुष्य त्या वंशाचा नव्हे. अर्जदाराच्या शीलाविषयी न्यायालयास काहीच शंका नव्हती. अर्ज फेटाळण्यात आला.

हा निकाल ऐकून हिंदी लोकांना धीर आला असल्यास नवल नाही. कारण मानववंशशास्त्राच्या तत्कालीन पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातील लोकांची गणना कॉकेशियन वंशातच केलेली असे. भगतसिंग थिंद ह्यांचा खटला त्याच न्यायालयात उभा होता. थिंद अमृतसरकडचे शीख. १९१३ साली अमेरिकेत आले, लाकडाच्या गिरण्यांत राबले, महायुद्धात अमेरिकन सैन्यात दाखल झाले आणि डोक्यावरचे पागोटे न उतरविता त्यांनी नोकरी केली. हिंदुस्थान हिंदी लोकांचा असावा हे मत त्यांनी लपवून ठेविले नव्हते. म्हणजे मनुष्य बाणेदार होता. तरीही त्यांच्या वतीने जे निवेदन दाखल झाले, त्यात ते 'उच्चवर्णीय हिंदू' ठरले. ज्या शिखांना मजुमदारांनी मिश्र रक्ताचे म्हणून बाजूला सारले, त्यांच्यापैकीच एक आता शुद्ध रक्ताचा दावा करीत होता. आणि बाजूला सारावयास त्यालाही कोणी तरी हवेच होते. उच्चवर्णीय हिंदू मनुष्य हिंदुस्थानातील मूळ रहिवाशांकडे, विवाहसंबंधाच्या दृष्टीने, अमेरिकन मनुष्य निग्रोकडे पाहतो तसेच पाहतो, असे त्या निवेदनात म्हटले होते. तुमच्यासारखाच तिरस्कार आम्हालाही करता येतो, सबब आम्ही तुमचेच, असा ह्याचा सरळ अर्थ होतो. हे शब्द वकिलांचे असतील. परंतु त्यांस लागणारा माल आपल्या समाजानेच पुरविला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच न्यायमूर्ती सदरलँडांनी निकाल दिला. तीन महिन्यांपूर्वी ज्या शास्त्राच्या आधारे ओझावांना बाहेर काढले, ते शास्त्र थिंदांच्या बाजूने बोलू लागताच न्यायालयाने ते दूर ठेविले. आर्य हा शब्द भाषेविषयी आहे, रक्ताविषयी नव्हे. फार पुरातन काळी पूर्वज एक असतीलही, पण आजचा सामान्य मनुष्य 'गोरा' म्हणून कोणाला ओळखतो तेच खरे, असे ठरले. उच्चवर्णाच्या दाव्याला मिळालेले उत्तर तर मासलेवाईक होते. रक्ताची सरमिसळ होऊ नये म्हणून जातींचे निर्बंध घातले गेले खरे, पण त्यांना पुरते यश आलेले दिसत नाही, असा शेरा न्यायालयाने मारला. ज्या जातिभेदाच्या जोरावर दरवाजा उघडावयाचा, तो जातिभेदच पुरेसा कडक नव्हता म्हणून दरवाजा बंद!

निकालाचा परिणाम ताबडतोब झाला. पूर्वी नागरिक झालेल्या हिंदी लोकांवर सरकारने फिर्यादी लावून त्यांची नागरिकत्वे काढून घेण्यास सुरुवात केली. शिखांपासून स्वतःला वेगळे काढणारे मजुमदारही त्यांतून सुटले नाहीत. पेशावरचे वैष्णोदास बगाई १९१५ साली पत्नी कला व तीन मुलगे ह्यांसह सॅन फ्रान्सिस्कोस आले होते. त्यांनी दुकान थाटले, पोशाख बदलला, १९२१ साली ते नागरिक झाले. बर्कली येथे त्यांनी घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी ते बंद करून कुटुंबाला आत पाऊल टाकू दिले नव्हते. तरीही त्यांची श्रद्धा ढळली नाही. नागरिकत्व गेल्यावर दुकान गेले. आणि हिंदुस्थानात नातलगांना भेटावयास जाण्यासाठी पासपोर्ट मागितला, तेव्हा ब्रिटिश प्रजाजन म्हणून घ्या असे सांगण्यात आले. इंग्रजांच्या अमलाला कंटाळूनच हा मनुष्य देश सोडून आला होता. १९२८ च्या मार्च महिन्यात बगाईंनी सॅन होजे येथे गॅसच्या योगे आत्महत्या केली. मागे ठेविलेले पत्र त्यांनी वर्तमानपत्राच्या नावे लिहिले होते.

ह्या फिर्यादींपैकी एक सखाराम गणेश पंडित ह्यांच्यावर होती. नाव मराठी कानाला अगदी ओळखीचे वाटते. ते जातीने ब्राह्मण, कॅलिफोर्नियात वकिली करणारे, १९१४ सालापासून नागरिक, आणि थिंदांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी एक. स्वतःचा खटला मात्र त्यांनी निराळ्या पायावर लढविला. तुमच्याच न्यायालयाने सर्व पुरावा पाहून मला एकदा नागरिक ठरविले आहे. त्या शब्दावर विसंबून मी वकिलीची सनद घेतली, घर केले, अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. आता तो शब्द फिरविण्याचा तुम्हांस अधिकार काय? असा त्यांचा सवाल होता. त्यात पूर्वजांचा प्रश्न राहिला नव्हता आणि कोणाला खाली लोटावे लागत नव्हते. १९२६ साली वरच्या न्यायालयात पंडित जिंकले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्याचे नाकारले, आणि उरलेल्या फिर्यादी सरकारने सोडून दिल्या. बगाईंना त्याचा उपयोग झाला नाही. त्यांचे नागरिकत्व तत्पूर्वीच गेले होते.

हिंदी लोकांना अमेरिकेत नागरिक होण्याची मुभा देणारा कायदा २ जुलै १९४६ रोजी झाला. त्याबरोबर वर्षाकाठी शंभर हिंदी लोकांना येऊ देण्याचे ठरले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांचा शूद्रांच्या उगमाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्यांनी आर्य नावाचा वंश ही कल्पनाच निराधार असल्याचे प्रतिपादन केले. जपान्यांसह सर्वांवरील वंशाची अट १९५२ साली उठली. थिंदांना त्याआधीच, १९३६ साली, महायुद्धातील माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यान्वये नागरिकत्व मिळाले होते. त्या वेळी त्यांना आर्य असण्याची गरज पडली नाही. त्याच वर्षी ओझावा वारले. ते अखेरपर्यंत जपानी प्रजाजनच राहिले. त्यांची मुले हवाईत जन्मलेली असल्यामुळे जन्मतःच अमेरिकन नागरिक होती.