यंत्राला आधी विचारावे

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागावर राबणारा त्यांतील कामगार पूर्वी गावी मनिऑर्डर करीत असे. आज तो फोनवरून पैसे पाठवितो. तो निरोप वाटेत कोणास वाचता वा बदलता येऊ नये म्हणून फोन त्यास कुलूप घालतो. या कुलपाचे शास्त्र म्हणजे कूटलेखन.

आज सर्वत्र रूढ असलेली ‘एईएस’ ही कूटपद्धती डामेन व राइमेन या दोघा बेल्जियन शास्त्रज्ञांनी रचली. २००१ साली अमेरिकेने ती प्रमाण मानली. सुरतेचे हिरे ज्या बेल्जियमच्या अँटवर्पला जातात, त्याच देशातले हे कुलूप! मजकुराचे १६ बाइटांचे तुकडे घेऊन प्रत्येकास किल्लीच्या लांबीप्रमाणे १०, १२ वा १४ फेऱ्या द्याव्या लागतात. साध्या आज्ञांनी हे काम वेळखाऊ होते. म्हणून इंटेलने २००८ मध्ये खास आज्ञांची घोषणा केली व २०१० पासून त्या प्रोसेसरांत आणल्या. अशा एका आज्ञेने एक संपूर्ण फेरी उरकते.

पण अडचण पुढेच आहे. कार्यक्रम एकच, यंत्रे मात्र नवी-जुनी. ज्या प्रोसेसरला ही आज्ञा ठाऊक नाही, त्यास ती दिल्यास कार्यक्रम तेथेच बंद पडतो. उलट, सर्वत्र जुन्याच आज्ञा वापराव्यात तर नव्या यंत्राची शक्ती वाया जाते. जकार्ड नसलेल्या मागावर जकार्डची नक्षी चढविता येत नाही. मुकादम आधी माग पाहतो, मग काम देतो.

तद्वत कार्यक्रम सुरू होताच ‘सीपीयूआयडी’ या आज्ञेने प्रोसेसरला विचारतो. उत्तरातील ठराविक जागी १ असेल तर जलद मार्ग, ० असेल तर साधा. हा प्रश्न एकदाच विचारून उत्तर ध्यानात ठेवावयाचे. तुकड्यागणिक विचारल्यास मिळविलेला वेळ विचारण्यातच जाईल. फोनमधील एआरएम प्रोसेसरच्या बाबतीत ही माहिती बहुधा कार्यप्रणालीकडून घेतली जाते. मार्ग कोणताही असो, उत्तर अक्षरशः तेच आले पाहिजे. म्हणून दोहोंची कसोटी घ्यावी लागते.

येथे प्रश्न केवळ वेगाचा नाही. साध्या मार्गात कोष्टके वापरली, तर लागणाऱ्या वेळातील सूक्ष्म फरकांवरून किल्लीचा माग काढता येतो, हे बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये दाखविले. त्यांनीच रचलेली ‘चाचा-ट्वेंटी’ ही पद्धती खास आज्ञांवाचूनही जलद चालते व तिला कोष्टके लागत नाहीत. गूगलने २०१४ मध्ये अँड्रॉइडवरील क्रोममध्ये, एईएसची सोय नसलेल्या फोनांसाठी ती योजिली.

स्वस्त फोन असलेल्या कामगाराची मजुरीही हिरेव्यापाऱ्याच्या हुंडीइतकीच सुरक्षित पोहोचली पाहिजे. नवे यंत्र लवकर कुलूप लावील, जुने सावकाश. परंतु जुन्याचे कुलूप कच्चे असता कामा नये. जलद मार्गाइतकीच काळजी साध्या मार्गाची घेतली, तरच यंत्राला विचारलेला तो प्रश्न सार्थकी लागतो.