गरोदरपणी अंगावर पुरळ

भगिनींनो, इतवारीच्या दाट वस्तीत एका पोराला पुरळ उठलं की शेजारी जायला वेळ लागत नाही. घरात गरोदर सून असेल, तर "उष्णतेचं असेल" म्हणून उशाशी कडुलिंब ठेवून स्वस्थ बसू नका. रुबेला आईला जेमतेम तीन दिवस त्रास देतो. पण पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडवू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. ग्रेग यांनी १९४१ साली तान्ह्यांच्या मोतीबिंदूवरून हे ओळखलं. कांजिण्यांत आईच्या फुप्फुसांनाही धोका असतो. यांची लस गरोदरपणात देत नाहीत, ती लग्नाआधीच घ्यावी. संसर्ग झालेल्या पोराजवळ बसणं झालं असेल, तर स्वतःला पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या डागा रुग्णालयात विचारा. मात्र दारातच तसं सांगा. आत इतर गरोदर बाया बसलेल्या असतात.